एकाच टाकीच्या दोन बाटल्या

१

एकाच टाकीतलं पाणी, एकाच दुपारी, एकाच माणसाने दोन बाटल्यांत भरून आणलं होतं. पहिल्या बाटलीत कीटकनाशक निघालं, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. दुसऱ्या बाटलीत ते औषध नव्हतंच.

हे मला गुरुवारी सकाळी साडेनऊला कळलं, आणि त्यासोबत एक टाइप केलेलं पत्रही हातात आलं. नमुन्यांच्या हाताळणीत अक्षम्य निष्काळजीपणा केल्याबद्दल विश्लेषक सौम्या पवार हिला कामावरून कमी करण्यात येत आहे, असं त्यात होतं. खाली सहीसाठी माझं नाव: वीणा दाणी, गुणवत्ता प्रमुख.

आमची लॅब बेंगळुरूत, यशवंतपूरला, प्लायवुडचं गोदाम आणि बेअरिंगचा कारखाना यांच्या मधोमध. लोक पाणी आणतात, आम्ही त्यात काय आहे ते सांगतो. दुसऱ्यांनी काढलेले आकडे तपासायचे आणि सही करायची, हे माझं काम. तीस वर्षांपूर्वी नागपूरहून मल्लेश्वरमला आले, त्यातली बावीस वर्षं इथे गेली. निवृत्तीला सात महिने उरलेत आणि गुणवत्ता हा शब्द ऐकला की मला आताशा जांभई येते.

लॅबचा मालक अभिमन्यू चाळिशीला टेकलेला. त्याचं घराणं इथे कित्येक पिढ्यांपासूनचं, त्यामुळे त्याच्या मराठीत कन्नड अशी मिसळलेली की त्याला स्वतःला ती वेगळी ऐकू येत नाही. वडिलांच्या वेळची म्हणून तो मला मान देतो आणि मान देऊन स्वतःला हवं तेच करतो.

"मॅडम, स्वल्प समजून घ्या," तो म्हणाला. "उद्या चारला सर्जापूर रोडच्या सोसायटीला रिपोर्ट द्यायचाय. अ बाटलीला लॅबमधल्याच भांड्याची घाण लागली, असं लिहू. ब बाटली खरी. पोरगी जाईल, पण लॅबचं नाव राहील."

"आणि अ खरी असेल तर?"

"वर्षात तीन वेळा तिथलं पाणी आपणच तपासलंय. तिन्ही वेळा स्वच्छ. सही तुमचीच आहे ना?"

होती. माझ्याच सहीने त्याने मला गप्प केलं. पण हे असं पत्र घेऊन सौम्या बाहेर पडली, तर बेंगळुरूतली एकही लॅब तिला दारात उभी करणार नव्हती. चार वर्षं मी तिचं काम पाहिलं होतं. मी पत्राची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि उद्या चारपर्यंतचा वेळ मागून घेतला.

२

सौम्या रडली नव्हती. तिने वही उघडून ठेवली होती आणि तिच्यासमोर ताठ बसली होती. एवढी शिस्त पाहून मला उगाच तिचा राग आला.

"सांग," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

"दोन्ही बाटल्यांतलं अर्धं अर्धं लिटर घेतलं, मॅडम. खुणेचं औषध मोजून घातलं. मग सॉल्व्हंट घालून तीनदा हलवलं, खालचा थर काढला, आटवून एक मिलिलिटर केला, मशीनला लावला."

खुणेचं औषध म्हणजे पाण्यात कधीच नसतं असं एक रसायन. प्रत्येक नमुन्यात आम्ही ते आधी मोजून घालतो. शेवटी ते जवळजवळ पूर्ण परत मिळालं, तर मधल्या काढाकाढीत काही सांडलं नाही असं समजायचं. अ मध्ये ते शंभरातलं एक्याण्णव परत आलं होतं, ब मध्ये चौऱ्याण्णव. तिचा हात चुकला नव्हता. त्याच दिवशी त्याच भांड्यांतून तिने नुसतं शुद्ध पाणीही काढलं होतं आणि त्यात काही आलं नव्हतं. म्हणजे भांडीही स्वच्छ होती. अभिमन्यूची घाण कुठूनच येत नव्हती.

मग मी आलेख पाहिले. अ च्या आलेखावर क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचा उंच सुळका, आणि त्याच्या शेजारी एक ठेंगणा सुळका. ब वर क्लोरपायरीफॉसची जागा सपाट, पण शेजारचा तो सुळका चांगला उंच. त्याच्या डोक्यावर सौम्याने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं.

ही तिची जुनी खोड. यादीत नसलेला सुळका दिसला की ती प्रश्नचिन्ह काढते. गिऱ्हाईक वीस औषधांची यादी देतं, आपण वीस शोधायची, एकविसाव्याच्या नादी लागायचं नाही, हे मी तिला दहादा सांगितलंय. फाइल करण्याआधी ती चिन्हं खोडायला माझ्या खणात खास रबर असतं.

"आता तरी हे सोड," मी म्हणाले.

उरलेलं अर्धं अर्धं लिटर फ्रिजमध्येच होतं. रिपोर्ट जाईपर्यंत ते आम्ही टाकत नाही. मी दोन्ही तपकिरी बाटल्या बाहेर काढून खिडकीत धरल्या. दोन्ही लेबलांवर नमुने आणणाऱ्या गुंडोअण्णांचं वळणदार अक्षर आणि त्यांची सही. अ चं लेबल कोरं करकरीत. ब ची शाई मात्र फुटलेली, निळी ओघळलेली.

मला आधी वाटलं, ब मध्ये कुणीतरी नळाचं पाणी भरून ठेवलंय. म्हणून जडपणा मोजला. दोन्ही सारखंच जड, बोअरवेलचंच पाणी. नळाला येणारं कावेरीचं पाणी इतकं जड नसतं. अदलाबदल झाली नव्हती.

मग सवयीने दोन्हींचं थोडं पाणी काचनळ्यांत घेऊन क्लोरिन तपासायचे थेंब टाकले. अ तशीच राहिली. ब लिंबासारखी पिवळी झाली.

मी खुर्चीत बसले. क्लोरिन कीटकनाशकाला मोडून टाकतं, म्हणून बाटली लॅबमधून निघतानाच आम्ही तिच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड घालून पाठवतो. पाणी आत पडताच ती पूड क्लोरिनला मारते आणि पाण्यात जे असेल ते तसंच राहतं. अ मध्ये पुडीने आपलं काम केलं होतं. ब मध्ये क्लोरिन चार दिवसांनीही जिवंत होतं. तिथे पूड नव्हतीच.

आणि बाटल्यांत पूड घालायचं काम सौम्याचं होतं.

३

"मी घातली होती, मॅडम." तिने वही पुढे केली. दोन बाटल्या, दोन बरोबरच्या खुणा. पण वहीत खूण करायला काय लागतं, असंच अभिमन्यू म्हणणार होता. आधी तिने अ खराब केली म्हणून ती जाणार होती, आता ब खराब केली म्हणून जाणार होती. पत्रातला एक शब्दही बदलावा लागला नसता.

गुंडोअण्णा मागच्या पायरीवर बसले होते, उजवा पाय लांब पसरून. जवळ गेलं की बामचा वास येतो. लॅब सुरू झाली तेव्हापासून नमुने तेच आणतात. सौम्या त्यांच्या बहिणीची मुलगी. तिला इथे त्यांनीच आणलं, आणि ती पास झाली तेव्हा सगळ्या लॅबला म्हैसूरपाक त्यांनीच वाटला होता.

"दोन्ही बाटल्या तुम्हीच भरल्या ना, अण्णा?"

"मग कोण भरणार, अक्का? बावीस वर्षं मीच भरतोय."

"कशा भरल्या?"

"टँकर टाकीत रिकामा होत होता. वॉचमन वरून ब्लीचिंग पावडर सोडत होता. मी शिडीवरून खाली उतरलो आणि बाटली तिरकी, लेबल वर ठेवून पाण्यात धरली. तोंडापर्यंत भरली, बूच लावलं."

"ब च्या लेबलची शाई फुटलीय."

"बर्फ वितळलं असेल."

"अ त्याच पेटीत होती. तिची नाही फुटली."

अण्णांनी गुडघा चोळला. प्लायवुडच्या गोदामातला कापायचा आवाज थांबेपर्यंत ते चोळत राहिले.

"मला काय माहीत, अक्का," शेवटी म्हणाले. "पोरीला काढणार काय?"

"उद्या चारला."

"सरी, बरं," ते म्हणाले आणि उठायला लागले. दोनदा प्रयत्न केल्यावर उठता आलं. मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही.

अण्णा खोटं बोलत होते, हे मला तिथेच कळलं. बावीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच फसवलं होतं आणि त्यांना ते नीट जमत नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण वाईटच वाटलं. त्यांचं खोटं कुठे अडकलंय ते पाहायला सर्जापूर रोडला जाणं भाग होतं, आणि यशवंतपूरहून सर्जापूर रोड म्हणजे एक छोटा प्रवासच असतो.

४

सव्वादोन तास लागले. ऑटोवाला वाटेभर कुणाशी तरी फोनवर भांडत होता. उतरल्यावर माझी पावलं बुटात मावत नव्हती.

चार टॉवर, तीनशे चाळीस घरं. सोसायटीची सेक्रेटरी आर्या दहाव्या मजल्यावर राहते, पुण्याची, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत. मी लिफ्टमध्ये शिरले तर आरशाशेजारी आमचा रिपोर्ट लावलेला, प्लास्टिकमध्ये घालून, चारी बाजूंनी जाड टेप मारून. वीस औषधं आणि वीसही ओळींत 'आढळले नाही'. खाली माझी सही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आपली सही कुणीतरी इतक्या निगुतीने चिकटवलीय, हे रोज दिसत नाही.

"सगळ्या लिफ्ट्समध्ये लावलेत, मॅम," आर्या म्हणाली. "लेटेस्ट मार्चचा आहे. लोक टँकरच्या पाण्याला इतके घाबरतात ना, सो प्रूफ लागतं. आई तर रोज वाचते."

तिची आई आतून पाण्याचा पेला घेऊन आली. मी तहानलेली होते, तरी तो हातातच धरला.

"मग या वेळी पुन्हा का तपासायला दिलं? आणि नळाऐवजी खालच्या टाकीतून का?"

"लॉबीतल्या टँकमधले फिश मेले. सगळे. मी म्हटलं, टॅप वॉटर तर तीनदा टेस्ट झालंय, आता सोर्सलाच चेक करू."

मासे क्लोरिननेही मरतात, पण ते मी बोलले नाही. आम्ही खाली टाकीपाशी गेलो. जमिनीत चौकोनी झाकण, आत लोखंडी शिडी. मी पायऱ्या मोजल्या. अकरा, आणि दोन पायऱ्यांत चांगलं हातभर अंतर. अण्णांचा गुडघा आठवला.

"ही शिडी दोनदा उतरले आमचे काका?"

"नाही ना! एकदाच. वर आले तर त्यांना उभंच राहता येईना. पेन इतकं होतं की घाम फुटला होता त्यांना. मी म्हटलं, काका, बसा तुम्ही, सेकंड बॉटल मी भरते. ते नको नको म्हणत होते. पण मी ट्रेकिंग करते, सो मला काय, टुणकन उतरले."

"आणि बाटली थेट पाण्यात धरली?"

"हो. म्हणजे आधी विसळून घेतली." ती सहज म्हणाली. "आत तळाला काहीतरी व्हाइट पावडर चिकटलेली होती, मॅम. बघून कसंतरीच झालं. तुमच्या लॅबला नावं नाही ठेवत मी, पण पिण्याचं पाणी टेस्ट करायचं आणि बॉटल अशी? तीनदा खळखळून विसळली. बाहेरूनपण."

रागवायला जागाच नव्हती. पाणी भरण्याआधी भांडं विसळायचं, हे तिला तिच्या आईने शिकवलं असणार, मला माझ्या आईने शिकवलं. नीटनेटक्या घरातली कुठलीही बाई तेच करेल. नेमकं म्हणूनच त्या बाटलीला परक्याचा हात लागू द्यायचा नसतो, आणि तेवढ्या एका कामासाठी अण्णांना पगार मिळतो.

तेवढ्यात टँकर आला. मालक व्यंकोजी स्वतः चालवत होता, मिशीवाला, आडदांड, अभिमन्यूच्याच बिरादरीतला. मी लॅबची म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला.

"माझ्या पाण्यात विष म्हणतात लोक," तो म्हणाला. "माझी पोरं हेच पितात, अक्का. बघा."

त्याने टँकरचा नळ सोडला, ओंजळ धरली आणि मी हात पुढे करेपर्यंत तीन घोट घेतले. मला ओरडावंसं वाटलं. त्याच नळाखाली मी पिशवीतल्या दोन रिकाम्या बाटल्या भरल्या, पूड घातलेल्या, न विसळता.

"बोअरवेलशेजारी काय आहे हो?"

"शेत होतं. आता बिल्डिंग उठतेय. पाया वर्षापूर्वीच खणलाय, वाळवीचं औषध मारलंय. का?"

वाळवीच्या औषधात क्लोरपायरीफॉस असतं. मी त्याला म्हटलं, उद्या फोन करेपर्यंत पोरांना हे पाणी देऊ नका. तो हसला. त्याच्याकडे माझ्या सहीचा रिपोर्ट होता.

५

सौम्याची सुटका मला सापडली होती. पूड तिने घातली होती, आर्याने धुऊन टाकली. एवढं सांगितलं की पत्र फाडता येणार होतं. घरी जाऊन पाय गरम पाण्यात बुडवून बसावं आणि उद्या चारला दोन वाक्यं बोलावीत, असं ठरवून मी निघालेही.

पण परतताना ऑटोत बसल्या बसल्या एक प्रश्न डोक्यातून जाईना. क्लोरिनने ब मधलं औषध मोडलं, ठीक आहे. मोडून त्याचं झालं काय?

शुक्रवारी सकाळी आठला मी कोट चढवला. सौम्याला भांड्यांना हात लावायची मनाई होती, म्हणून अकरा वर्षांनी मीच थर वेगळे करायचा तोटीचा फनेल हातात घेतला. ती दारात उभी राहिली. व्यंकोजीच्या टँकरचं पाणी मी दोन भागांत वाटलं. त्याच्या पाण्यात क्लोरिन नव्हतंच. एक भाग तसाच ठेवला. दुसऱ्यात पुडीला पुरून उरेल इतकं ब्लीचिंगचं पाणी घातलं, दोन तास झाकून ठेवलं, आणि मग दोन्ही काढायला घेतले. सॉल्व्हंट ओतायचं, बूच दाबून धरायचं, हलवायचं.

"मॅडम, गॅस सोडा," दारातून आवाज आला. "बूच उडेल."

मी फनेल उलटा करून तोटी उघडली. फुस्स झालं. पूर्वी हे मीच सगळ्यांना शिकवायची. तिसऱ्या वेळेला मनगटं भरून आली आणि थर वेगळे होईपर्यंत मी भिंतीला टेकून उभी राहिले. अर्ध्या लिटरचा एक मिलिलिटर व्हायला दुपार झाली.

पहिला आलेख आला. क्लोरपायरीफॉसचा उंच सुळका. शेजारी काही नाही.

दुसरा आला. क्लोरपायरीफॉसची जागा सपाट. शेजारी, जिथे ब मध्ये होता अगदी तिथेच, उंच सुळका.

"ऑक्सॉन," सौम्या हळू आवाजात म्हणाली. "क्लोरिनने औषध मरत नाही. त्याचं ऑक्सॉन होतं. ते मूळ औषधापेक्षा जहाल असतं, मॅडम. मी वाचलं होतं. तुम्हाला दाखवायला छापूनपण आणलं होतं, मार्चमध्ये."

मला आठवलं. चार पानं होती. मी म्हटलं होतं, ठेव तिथे, बघते. मी बघितली नव्हती.

मी उठून फाइलींच्या कपाटाशी गेले. सर्जापूर रोडचे मागचे तीन रिपोर्ट काढले, ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्चचे. तिन्ही नमुने नळाचे, म्हणजे टाकीतल्या क्लोरिनमध्ये रात्रभर मुरलेल्या पाण्याचे. आलेख खिडकीत धरले. तिन्हींवर क्लोरपायरीफॉसची जागा सपाट होती. तिन्हींवर शेजारी तो सुळका होता. आणि त्याच्या डोक्यावर कागद जरा खरवडलेला, पातळ झालेला. उजेडात धरल्यावर खोडलेलं प्रश्नचिन्ह स्पष्ट दिसत होतं.

६

चारला अभिमन्यूच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. अण्णा खुर्ची नको म्हणाले, दाराला टेकून उभे राहिले. मी ब बाटली टेबलावर ठेवली.

"ही बाटली बाहेरूनही ओली झाली," मी म्हटलं. "बर्फाने म्हणाल, तर अ सुद्धा बर्फातच होती. म्हणजे पेटीत जाण्याआधी हिला कुणीतरी धुतलं, आणि आतली पूड गेली. पूड नाही म्हणून क्लोरिन राहिलं. अण्णा बाटली कधी धुणार नाहीत. मग ही भरणारा हात अण्णांचा नव्हता. पण सही अण्णांची आहे."

मी अण्णांकडे पाहिलं नाही, बाटलीकडेच पाहत राहिले.

"गुडघ्यानं दगा दिला," अण्णा म्हणाले. "त्या बाईनं भरली. मी वर बसून होतो, तिनं आत काय केलं ते दिसलं नाही. नियम मोडला म्हणून सांगितलं नाही. नोकरी जाईल म्हणून भ्यालो, अभिमन्यूअण्णा. मग पोरीवर आलं, तरी तोंड उघडेना." ते सौम्याकडे वळले. "दोन दिवस जेवण जात नाही मला. तू मला मामा म्हणू नकोस आता."

"गुडघा दाखवला असतात तर मी आले असते ना, मामा, बाटल्या भरायला," सौम्या म्हणाली, आणि तिथे मात्र तिचा आवाज फुटला.

अभिमन्यूने कपाळ पुसलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटकाच होती. "आयतं सुटलं म्हणायचं. अ चा रिपोर्ट देऊ. व्यंकोजीचा टँकर बंद होईल. सौम्या राहील. अण्णांचं नंतर बघू. मॅडम, ते पत्र द्या इकडे."

मी पत्र दिलं. त्याने फाडलं. मला तिथे थांबता आलं असतं. सात महिने राहिले होते, आणि माझ्याशिवाय त्या कपाटाकडे कुणी जात नाही.

मी तीन जुने आलेख टेबलावर ठेवले.

"हे काय?"

"वर्षभर ते लोक जे पितायत ते," मी म्हटलं. "सौम्याने तीनदा विचारलं. मी तीनदा खोडलं. रिपोर्ट तिन्ही चुकीचे आहेत आणि चूक माझी आहे. नवा रिपोर्ट मी लिहिलाय. त्यात हे सगळं आहे, माझ्या नावासकट."

अभिमन्यू उभा राहिला. "मॅडम, लॅब बंद पडेल. यादीत नव्हतं, आपण कसं शोधणार? कुणी विचारणारसुद्धा नाही."

"विचारलं होतं," मी म्हटलं. "हिने."

तो रिपोर्टवर सही करू नका म्हणत राहिला. कन्नडमध्ये म्हणाला, मराठीत म्हणाला, वडिलांचं नाव काढलं. मी पेन सौम्यापुढे धरलं. तपासणाऱ्याची सही आधी असते. तिने सही केली, मग मी केली.

पहिला फोन व्यंकोजीला केला. दोनदा सांगावं लागलं, मग त्याने फोन ठेवला.

दुसरा आर्याला. मी सगळं सांगितलं, विसळण्यापासून ऑक्सॉनपर्यंत. ती म्हणाली, "म्हणजे... आई रोज तो रिपोर्ट वाचून मग पाणी भरते, मॅम. वर्षभर."

"पिण्याचं पाणी आजपासून बाहेरचं आणा. डॉक्टरांकडे काय तपासायचं ते सौम्या लिहून पाठवेल. आणि ते रिपोर्ट काढा."

"हो, संध्याकाळी वॉचमनला सांगते."

"आत्ता काढा," मी म्हटलं. "मी फोनवर आहे."

तिचं दार वाजलं. मग लिफ्टची घंटा. मग टेप ओढून निघाल्याचा लांब, चरचरीत आवाज आला, आणि पुन्हा लिफ्टची घंटा. टॉवर चार होते. ती एकातून दुसऱ्यात चालत गेली, आणि मी चारही वेळा तो आवाज ऐकला.